‘थांबा’ म्हणायचे कोणी? दक्षिण आशियातील विमान अपघात आणि सुरक्षेचे नियम

उलव्यातील आमच्या सोसायटीच्या गेल्या सर्वसाधारण सभेत सर्वांत जास्त वेळ गेला तो गच्चीवरच्या एका लोखंडी सांगाड्यावर. पाण्याच्या टाकीच्याही वर अडीच मीटर उंच सांगाडा उभारून त्यावर सौर पॅनेल बसवायची, असा प्रस्ताव होता. दरपत्रके आली होती, पैसेही बाजूला काढून ठेवले होते. मग सचिवांनी इमारतीच्या बांधकामाच्या वेळचा, भारतीय विमानतळ प्राधिकरणाने दिलेला उंचीचा ना-हरकत दाखला काढला आणि सभा तिथेच अडली. या दाखल्यातली उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते आणि तिच्यात जिन्यावरची खोली, लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, अँटेना, इतकेच काय वीजरोधकाचे टोकही धरलेले असते. “विमान काय आपल्या टाकीला घासून जाणार आहे का?” असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले. ते चिडून विचारत होते, पण प्रश्न चांगला होता.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पण त्याच्या आधीपासूनच, म्हणजे आमची इमारत बांधली जात असतानाही, उलवे, पनवेल, खारघर, बेलापूर हा सगळा पट्टा एका अदृश्य छपराखाली होता. मोठ्या धावपट्टीच्या भोवती साधारण चार किलोमीटरपर्यंत हे छप्पर विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरवर आडवे पसरलेले मानतात. त्यापलीकडे ते वर चढत जाते. विमान ज्या दिशेने उतरते त्या बाजूला त्याला पत्र्याच्या शेडसारखा उतार असतो, दर पन्नास मीटरला एक मीटर. सगळे सुरळीत असलेले विमान या छपराच्या बरेच वरून जाते. नियम त्या विमानासाठी केलेला नाही. ज्याचे एक इंजिन उड्डाणाच्या क्षणी बंद पडले आहे, किंवा ज्याने उतरता उतरता शेवटच्या घटकेला बेत बदलला आहे, त्या विमानाला खालून मोकळी जागा हवी म्हणून तो आहे. वर्षानुवर्षे जी गोष्ट घडत नाही तिच्यासाठी रोज जागा राखून ठेवायची, हे विमान सुरक्षेच्या बहुतेक नियमांचे स्वरूप आहे, आणि म्हणूनच ते नियम बाहेरून पाहणाऱ्याला जाचक वाटतात.

अपघातांविषयी बोलण्यापूर्वी ‘अपघात’ कशाला म्हणतात ते पाहिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या व्याख्येनुसार उड्डाणाच्या हेतूने पहिला माणूस विमानात चढल्यापासून शेवटचा माणूस उतरेपर्यंतच्या काळात विमानामुळे कोणाचा मृत्यू झाला, कोणाला गंभीर दुखापत झाली, विमानाची मोठी मोडतोड झाली किंवा विमान बेपत्ता झाले, तर तो अपघात. त्यामुळे हवेतल्या धक्क्याने एखाद्या प्रवाशाचा पाय मोडला आणि विमान सुखरूप उतरले, तरी नोंद ‘अपघात’ अशीच होते. आयकाओच्या हिशेबाने २०२३ मध्ये जगभरात दर दहा लाख उड्डाणांमागे १.८७ अपघात झाले. २०२४ मध्ये हे प्रमाण २.५६ झाले आणि एकूण अपघात ६६ वरून ९५ वर गेले. विमान कंपन्यांची संघटना असलेली आयाटा अपघाताची व्याख्या थोडी वेगळी करते, म्हणून तिचा २०२४ चा आकडा १.१३ असा येतो. दोन्ही आकडे खरेच आहेत. वर्तमानपत्रात ‘अपघात वाढले’ असा मथळा दिसला की हा आकडा कोणाचा आणि त्यात मोडलेले पाय किती, एवढे आधी विचारावे.

दुसरी अडचण अशी की आकडे फार लहान आहेत. २०२३ मध्ये नियमित प्रवासी सेवेतला प्राणघातक अपघात जगात एकच झाला, तो नेपाळमधील पोखऱ्याचा, आणि त्यात ७२ जण गेले. पुढच्या वर्षी असे अपघात दहा झाले आणि २९६ माणसे गेली. एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना केली तर मृत्यू चौपट झाले असे म्हणता येते, पण एका मोठ्या विमानाच्या अपघाताने सगळा आलेख वर जात असेल तर त्या आलेखावरून कल ठरवता येत नाही. कल पाहायचा तर दशके पाहावी लागतात. अमेरिकेतील एमआयटी संस्थेचे संख्याशास्त्रज्ञ अर्नॉल्ड बार्नेट यांनी मांडलेल्या हिशेबानुसार १९६८ ते १९७७ या काळात विमानात चढणाऱ्या दर साडेतीन लाख प्रवाशांमागे एकाचा मृत्यू होत असे. २०१८ ते २०२२ या काळात ते प्रमाण १ कोटी ३७ लाखांत एक इतके खाली आले. हे सुख जगभर सारखे वाटले गेलेले नाही. आपल्या शेजारचा टापू, म्हणजे नेपाळ, पाकिस्तान आणि काही अंशी आपणही, यांच्या वाट्याला आलेले मोठे अपघात एकापुढे एक ठेवून वाचले, तर त्यांत तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते.

आधी नियम कसे जन्मतात ते पाहू. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे जंबो आणि कझाकस्तानचे इल्युशिन समोरासमोर आदळले. एकूण ३४९ माणसे गेली. हवेत दोन विमाने धडकून इतकी माणसे त्याआधी आणि त्यानंतरही कधी गेलेली नाहीत. दिल्लीत येणाऱ्या आणि दिल्लीहून जाणाऱ्या विमानांसाठी तेव्हा हवेत जणू एकच पट्टा होता. सौदी विमान १४ हजार फुटांवर आणि कझाक विमान १५ हजारांवर राहणार होते, पण कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले. यानंतर दिल्लीत येण्याजाण्याचे हवाई मार्ग वेगळे झाले आणि समोरून येणाऱ्या विमानाची सूचना देणारी यंत्रणा भारतात मोठ्या विमानांना सक्तीची झाली. आज आपल्या विमानात ती असते, तिच्यामागे ते ३४९ जण आहेत.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण २६ एप्रिल १९९३ चे, तेव्हाच्या औरंगाबादचे. मुंबईला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ ने धावपट्टी संपता संपता जमीन सोडली. पुढेच बीड रस्ता होता आणि त्यावरून कापसाच्या गाठींनी लादलेला ट्रक चालला होता. विमानाची चाके व इंजिन त्या गाठींना लागले आणि पुढे काही किलोमीटरवर विजेच्या तारांत अडकून ते कोसळले. ११८ पैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत दोन कारणे शेजारी शेजारी लिहिली गेली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हे एक. उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडले, हे दुसरे. म्हणजे वैमानिक चुकले खरे, पण त्या क्षणी ट्रकला ‘थांबा’ म्हणणारा माणूस रस्त्यावर असता, तर ती चूक केवळ कंपनीच्या अंतर्गत अहवालापुरती राहिली असती.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी यासाठी भोके असलेल्या चीजच्या कापांची उपमा दिली होती. आपल्याला आंबोळ्यांची चवड डोळ्यांसमोर आणता येईल. प्रत्येक आंबोळीला जाळी असते, पण चवडीतून आरपार दिसत नाही, कारण एकीचे भोक दुसरीने झाकलेले असते. प्रशिक्षण, यंत्रणा, नियंत्रक, कंपनीचे नियम, सरकारी तपासणी या त्या आंबोळ्या. सगळ्यांची भोके एका ओळीत येतात तेव्हा अपघात होतो. उपमा उपयोगी आहे, फक्त तिच्यात एक उणीव वाटते. आंबोळ्या बोलत नाहीत, आणि या चवडीत माणसे आहेत, ज्यांना बहुतेक वेळा भोक दिसलेले असते.

याचा कस लागतो तो ‘गो-अराउंड’च्या वेळी. विमान उतरत असताना वेग, उंची, उतरण्याचा दर, चाके आणि पंखांच्या मागच्या झडपा हे सगळे ठरावीक उंचीला ठरावीक मर्यादेत असले पाहिजे. ते नसेल तर उतरणे सोडून इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, वर जायचे आणि पुन्हा फेरी मारून यायचे. यात कमीपणा काही नाही. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या धोरणानुसार गो-अराउंड केल्याबद्दल वैमानिकाला शिक्षा करता येत नाही. काही वर्षांपूर्वी जुलैत नागपूरहून मुंबईला येताना मी हा प्रकार खिडकीतून पाहिला. पावसाच्या पडद्याआडून घाटकोपरच्या इमारती दिसू लागल्या होत्या, चाके खाली आली होती, एवढ्यात आसनाच्या पाठीला खाडकन दाबल्यासारखे झाले, इंजिने गरजली आणि इमारती पुन्हा ढगात गेल्या. केबिनमध्ये अर्धा मिनिट कोणी बोलले नाही. मग मागच्या रांगेतले गृहस्थ म्हणाले, “एवढं जवळ येऊन उतरवता नाही आलं!” वीस मिनिटांनी आम्ही उतरलो. त्या वाक्याचा मला तेव्हा राग आला नाही, कारण माझ्याही मनात तेच होते. पुढे मंगळुरूचा अहवाल वाचला तेव्हा ते आठवून ओशाळल्यासारखे झाले.

२२ मे २०१० ची पहाट. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७ मंगळुरूच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीकडे येत होते. आवाजाची नोंद ठेवणाऱ्या पेटीत साधारण दोन तासांचे ध्वनिमुद्रण होते आणि त्यातला पहिला एक तास चाळीस मिनिटांचा भाग कॅप्टन झोपले असल्याचे सांगत होता. मधूनमधून घोरणे ऐकू येत होते. ते जागे झाले तेव्हा विमान खाली आणायला उशीर झाला होता. मंगळुरूचे रडार त्या दिवसांत बंद असल्यामुळे विमानाला एरवीपेक्षा उशिरापर्यंत उंचावर ठेवले गेले होते, हेही त्यात मिळाले. अंतिम टप्प्यात विमान असायला हवे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होते. सहवैमानिकाने तीन वेळा गो-अराउंड करायला सांगितले. विमानातील यंत्रानेही इशारे दिले. कॅप्टनने विमान खाली रेटले, ते ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट ओलांडल्यावर टेकले, नंतर पुन्हा उडण्याचा प्रयत्न झाला आणि विमान धावपट्टीपुढील काँक्रीटच्या बांधकामाला धडकून दरीत गेले. १६६ पैकी आठ जण वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने कारण स्पष्ट लिहिले: तीनदा सांगूनही कॅप्टनने उतरणे सोडले नाही. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ डोके जड राहते, निर्णय मंदावतो, याचीही नोंद त्या अहवालात आहे.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, त्याच कंपनीचे त्याच प्रकारचे विमान केरळमधील कोळिकोडच्या तशाच डोंगरमाथ्यावर पावसात उतरले. मागून वारा होता, काचेवरचा वायपर नीट चालत नव्हता आणि विमान निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकले. सहवैमानिकाने गो-अराउंडचा उच्चार केला होता. २१ माणसे गेली. या वेळच्या अहवालात एक वाक्य जास्तीचे आहे आणि माझ्या मते ते सर्वांत महत्त्वाचे आहे: सहवैमानिकाने नियंत्रण आपल्या हाती घेऊन गो-अराउंड करायला हवे होते, ते त्याने केले नाही. मंगळुरूने शिकवले की कनिष्ठाने बोलले पाहिजे. कोळिकोडने सांगितले की बोलून भागत नाही. आपल्या घरांत, कचेऱ्यांत, शाळांत साहेबांच्या हातातला कागद काढून घेणारा कारकून किती वेळा पाहायला मिळतो, ते आठवले म्हणजे हा नियम कागदावर लिहिण्यापेक्षा अंगी बाणवणे किती अवघड आहे ते कळते. वैमानिकांना यासाठी कॉकपिटमधील संघकार्याचे वेगळे प्रशिक्षण दिले जाते आणि त्याचा मोठा भाग वरिष्ठाला कसे अडवावे हाच असतो.

कोळिकोडच्या अडीच महिने आधी कराचीत याच गोष्टीचे आणखी एक रूप दिसले होते. तारीख पुन्हा २२ मे. पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचे एअरबस ए३२० लाहोरहून येताना फार उंच राहिले. उंची कमी करण्यासाठी वळसा घ्या असे नियंत्रकाने सुचवले, वैमानिकांनी ते मानले नाही. त्यांचे लक्ष करोनाविषयीच्या गप्पांत होते असे तपासात दिसले. खाली केलेली चाके मध्येच पुन्हा वर घेतली गेली, विमान इंजिनांवर घासत धावपट्टीवरून गेले, मग वर उडाले, आणि दोन्ही इंजिने बंद पडून वस्तीत कोसळले. विमानातील ९९ पैकी दोघे वाचले. इथे गो-अराउंड झाले, पण ज्या वेळी करायला हवे होते ती वेळ टळून गेल्यावर.

पोखऱ्याचा अपघात मात्र नव्या विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्या आपण मुद्दाम वाचावा असा आहे. तो विमानतळ १ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाला आणि १५ जानेवारीला यती एअरलाइन्सचे एटीआर ७२ तेथे उतरताना कोसळले. नव्या विमानतळाची ओळख व्हावी म्हणून एक कॅप्टन विमान चालवत होत्या आणि शेजारी प्रशिक्षक कॅप्टन बसले होते. एटीआरच्या दोन आसनांमध्ये जो कट्टा असतो त्यावर पंखांच्या झडपांचा दांडा आणि पंख्यांची पाती फिरवणारे दोन दांडे जवळजवळ आहेत. झडपा आणखी खाली करायच्या वेळी प्रशिक्षकांचा हात त्या दोन दांड्यांवर गेला. पाती वाऱ्याला समांतर झाली, म्हणजे इंजिने सुरू असूनही पंखे हवा कापेनात. जोर मिळत नाही एवढे कळले, का ते कळले नाही, आणि दरम्यान विमानाचा वेग संपला. रोजच्या सवयीच्या मार्गावर हात आपोआप योग्य जागी जातो, पण नव्या वळणावर डोळे बाहेर गुंतलेले असतात. म्हणूनच नव्या विमानतळावर कमी विमानांपासून सुरुवात करून हळूहळू संख्या वाढवणे हे सुरक्षेच्या दृष्टीने योग्य असते. नवी मुंबईला पहिल्या दिवसापासून मुंबईइतकी विमाने का नाहीत, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कॉकपिटमध्ये सहवैमानिकाचे जे काम, तेच देशाच्या पातळीवर नियामकाचे. १९४४ च्या शिकागो करारातून आयकाओ ही संघटना उभी राहिली. तिचे मुख्यालय माँट्रियलला आहे आणि १९३ देश तिचे सदस्य आहेत. ती मानके ठरवते आणि देशांची तपासणी करते. विमान कंपनीला कुलूप लावण्याचा अधिकार मात्र तिला नाही, तो त्या त्या देशाच्या नियामकाचा. भारतात वैमानिकाचा परवाना, विमानाची उड्डाणयोग्यता आणि कंपन्यांची तपासणी डीजीसीएकडे आहे. आकाशातली वाहतूक विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक हाकतात. अपघाताचा तपास २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण विभाग करतो, ज्याला सगळे एएआयबी म्हणतात. मंगळुरूनंतर तो उभा राहिला. तोपर्यंत परवाने देणारे डीजीसीएच बहुतेक चौकशा करत असे, म्हणजे पेपर काढणारा, शिकवणारा आणि तपासणारा एकच.

नेपाळमध्ये ही गाठ अजून सुटलेली नाही. तेथील नागरी विमान वाहतूक प्राधिकरण विमानतळ चालवते आणि विमानतळांवर व कंपन्यांवर देखरेखही तेच करते. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ पासून नेपाळच्या सर्व कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली आहे आणि हे प्राधिकरण दुभंगावे असा आग्रह बाहेरून वर्षानुवर्षे होत आहे. मे २०२२ मध्ये पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले तारा एअरचे ट्विन ऑटर डोंगरावर आदळून २२ जण गेले, त्यांत आपल्या ठाण्याचे चौघे होते. पाकिस्तानात कराचीच्या अपघातानंतर महिन्याभरात खुद्द विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितले की देशातील ८६० पैकी सुमारे २६० वैमानिकांचे परवाने संशयास्पद आहेत. युरोपने १ जुलै २०२० पासून पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सला बंदी केली, ती उठायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. देशातला नियामक ‘थांबा’ म्हणत नाही तेव्हा परदेशातला म्हणतो, आणि त्याची किंमत मोठी असते.

आपणही तो अनुभव घेतला आहे. ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेच्या नियामकाने विमान सुरक्षेच्या देखरेखीबाबत भारताला पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत ढकलले. भारतीय विमाने पडत होती असे नव्हे, तर डीजीसीएकडे कंपन्यांची तपासणी करणारे पुरेसे प्रशिक्षित पूर्णवेळ निरीक्षक नव्हते. भारतीय कंपन्यांना अमेरिकेला नव्या फेऱ्या सुरू करता येईनात. एप्रिल २०१५ मध्ये पहिली श्रेणी परत मिळाली. आयकाओच्या तपासणीतही २०१८ ला सुमारे ७० टक्के असलेले गुण २०२२ ला ८५ टक्क्यांवर गेले. ही प्रगती खरी आहे. तरीही २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने डीजीसीएची जवळपास निम्मी मंजूर पदे रिकामी असल्याकडे बोट दाखवले. विमाने आणि विमानतळ झपाट्याने वाढत असताना तपासनीस मात्र तेवढेच राहिले, तर नियमपुस्तक कितीही जाड असले तरी वाचणारा कोणी नसतो.

नियम लिहिणे आणि तो टिकवणे यांतला फरक २०२५ च्या डिसेंबरात सर्वांनी पाहिला. वैमानिकांच्या थकव्याविषयीच्या नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि आठवड्यातील रात्रीची उतरणी सहावरून दोनवर आणली. घोषणा जानेवारी २०२४ ची होती. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. महिन्याभरात इंडिगोचे वेळापत्रक कोसळले, हजारो उड्डाणे रद्द झाली, मुंबईच्या विमानतळावर बॅगांच्या राशी लागल्या आणि डीजीसीएने त्या कंपनीला काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. अडकलेल्या प्रवाशाच्या जागी मी असतो तर मलाही ती सूट हवीच होती. पण मंगळुरूच्या कॅप्टनचे घोरणे ज्या पेटीत नोंदले गेले, तिच्याच उत्तरादाखल असे नियम येतात, आणि त्यांना सर्वांत मोठ्या कंपनीच्या वेळापत्रकासमोर मागे सरकावे लागले. दोष सूट देण्याच्या दिवशीचा कमी आणि तयारीसाठी मिळालेल्या पावणेदोन वर्षांत कंपनीने किती वैमानिक नेमले हे वेळोवेळी न तपासण्याचा जास्त, असे माझे मत आहे.

१२ जून २०२५ ची अहमदाबादची दुर्घटना या सगळ्यावर सावलीसारखी आहे. विमानातील २४२ पैकी एक जण वाचला, जमिनीवरचे १९ जण गेले. एएआयबीच्या प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘चालू’वरून ‘बंद’वर गेले. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो की बंद का केलेस, दुसरा सांगतो की मी केले नाही. स्विच पुन्हा चालू केले गेले, पण उंची पुरली नाही. प्राथमिक अहवाल काय घडले ते सांगतो, का घडले याचा निवाडा त्यात नसतो. आयकाओच्या नियमांनुसार अशा तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे हा नाही. हे कोरडे कलम फार विचाराने लिहिलेले आहे. खरे सांगितल्यावर आपल्याला तुरुंगात जावे लागणार नाही अशी खात्री असेल, तरच तंत्रज्ञ, नियंत्रक आणि वैमानिक आपली चूक तपासनिसाला सांगतात. वाहिन्यांवर आठवडाभरात गुन्हेगार ठरवले गेले की ती खात्री विरते.

आता पुन्हा आपल्या खाडीकडे येऊ. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या वस्तीवर सुमारे चाळीस रोहित पक्षी मरून पडले होते. मुंबईत उतरणाऱ्या एमिरेट्सच्या विमानाने त्यांच्या थव्याला धडक दिली होती. विमान सुखरूप उतरले. दक्षिण कोरियातील मुआन येथे २९ डिसेंबर २०२४ रोजी मात्र बदकांच्या थव्याशी धडक झाल्यावर जेजू एअरचे विमान पोटावर उतरले आणि धावपट्टीपुढील काँक्रीटच्या बांधावर आदळून १८१ पैकी १७९ जण गेले. तो बांध विमानांना दिशा दाखवणाऱ्या अँटेनाचा आधार होता. मंगळुरूच्या विमानानेही तशाच यंत्रणेच्या काँक्रीटच्या बांधकामाला धडक दिली होती, मध्ये चौदा वर्षे गेली. नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागा, करावे-उरणची खाजणे आणि कर्नाळ्याचे अभयारण्य यांच्या मधोमध आपला विमानतळ आहे. पक्षी येथे विमानतळाच्या आधीपासून आहेत. पाणथळ जागा बुजवल्या की ते सुटतील असे काहींना वाटते. प्रत्यक्षात ठरलेली बसायची जागा गेली की थवे दुसरी शोधत फिरू लागतात, आणि फिरणारा थवा बसलेल्या थव्यापेक्षा विमानाला जास्त धोक्याचा असतो.

घारी आणि कावळ्यांचे मात्र वेगळे आहे, कारण त्यांना आपण बोलावतो. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरे कापण्यास आणि पक्ष्यांना ओढून आणील असा कचरा टाकण्यास विमान नियमांत पूर्वीपासून मनाई आहे. या परिघात उलवे, पनवेल, बेलापूर आणि खारघर येतात. आमच्याच गेटच्या पलीकडे रविवारी दुपारी मासळीच्या टोपल्या धुऊन पाणी आणि खवले नाल्याकाठी ओतले जातात आणि पाच मिनिटांत वर घारींचे चक्र सुरू होते. सभेत हा विषय सांगाड्याच्या विषयानंतर निघाला. गेटवरच्या सुरक्षारक्षकाने हटकावे असे ठरले. तो गावातलाच मुलगा आहे आणि टोपलीवाल्या मावशी त्याच्या आत्या लागतात, हे ठराव लिहून झाल्यावर कळले.

सांगाड्याचे काम आर्किटेक्टकडे दिले होते. त्यांनी मोजले तेव्हा वीजरोधकाचे टोक आणि दाखल्यातली कमाल उंची यांत चाळीस सेंटिमीटर शिल्लक निघाले. पॅनेल आता टाकीच्या बाजूला गच्चीच्या पातळीवर बसतील. टाकीची सावली पडणार असल्यामुळे त्यांतली चार कमी करावी लागली आहेत, आणि ज्येष्ठ सभासदांनी त्या चारांची नुकसानभरपाई मागणारे पत्र विमानतळाला लिहायचे ठरवले आहे.